रेमेदबायची न गळणारी गाडगी

वसईच्या उत्तरेला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बोरभाट नावाचं गाव आहे. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, आणि दोन वाटा जिथे मिळतात तिथे चुन्याने रंगवलेला एक दगडी क्रूस. त्या क्रुसामागच्या झावळ्यांच्या खोपीत मानवेलबाबा राहत असत. अंगात जाडाभरडा सदरा, गळ्यात दोऱ्याची रोजारी, म्हणजे जपमाळ, आणि जवळ म्हणावं असं काही नाही. प्रभूने ज्यांच्या हातांना मूठ वळायला शिकवलंच नाही, अशा या सत्पुरुषाच्या चरित्रातली ही एका दुपारची हकिकत आहे. भाविकहो, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि ऐका.

बाबांच्या खोपीला दार नव्हतं. म्हणजे, पूर्वी होतं. चांगलं सागाचं, बाबांच्या थोरल्या बहिणीने सुताराला घरी बसवून, जेवू घालून करून घेतलेलं. खालच्या पाड्यातल्या एका वारल्याचं तान्हं मूल तापाने गेलं, त्याला पुरायची पेटी करायला फळी नव्हती; बाबांनी दार काढून दिलं. त्याआधी गोधडी गेली होती. गोधडीच्या आधी तांब्याचा हंडा. आणि या सगळ्याच्या आधी, वडिलांनी नावावर करून दिलेली अर्धी वाडी बाबांनी पाड्यातल्या लोकांना भाजीपाला लावायला देऊन टाकली होती.

"उद्या अंगातला सदरा देशील," रेमेदबाय म्हणाली होती.

बाबांनी सदऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला कोण घेणार, बाय? पाठीला फाटलाय."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ही रेमेदबाय म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि बाबा दोन वर्षांचे. तिनेच त्यांना कडेवर वागवलं, पेज भरवली, शेंबूड पुसला. सारा मुलूख ज्यांच्यापुढे हात जोडतो त्यांचा शेंबूड आपण पुसलेला असला, की आपले हात काही चटकन जोडले जात नाहीत. गाव 'बाबा' म्हणे, ती 'मानू' म्हणे. लांबून माणसं आशीर्वादाला आली की त्यांना ती वाट दाखवी, आणि ती वळली की स्वतःशीच पुटपुटे, जा बाबांनो, काही द्यायचं राहिलं असेल तर तुम्हाला देईल.

पण तिच्या मनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. तिचा नवरा घरजावई आला होता, तो ऐन तारुण्यात गेला. पदरी एक मुलगा, आणि चुलतभावांचा डोळा वाडीवर. त्या दिवसांत रेमेदबायने मूठ जराशी सैल सोडली असती तर वाडी कधीच गेली असती. तिने सोडली नाही. पहाटे उठून स्वतः रहाटाचा रेडा हाकला, केळीला पाणी पाजलं, वाडीभोवती निवडुंगाचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोवला. आता मुलगा जहाजावर नोकरीला होता, घरात सून आली होती, नातालीन नावाची, आणि सात महिन्यांचा नातू झाला होता. तरी जुडगा कमरेलाच. नातवाला मांडीवर घेतलं की तो त्या किल्ल्यांनाच हात घाली, आणि आजी त्याची चिमुकली बोटं एकेक करून सोडवी.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत पाड्यातली तळी आटली. गोडं पाणी उरलं ते रेमेदबायच्या विहिरीत. पाड्यातल्या बाया कोसभर चालून हंडे आणत. एक दिवस त्यांच्यातली लाडकी नावाची बाई बाबांच्या खोपीशी येऊन बसली आणि काही न मागता नुसती बसून राहिली. बाबा उठले आणि बहिणीकडे गेले.

"दुपारी रेडा सुटतो, तेवढ्या वेळात त्यांना दोन-दोन हंडे भरू दे, बाय," बाबा म्हणाले.

रेमेदबायने विचारलं, विहीर काय तुझ्या बापाची आहे?

"आपल्या बापाचीच आहे ना," बाबा म्हणाले, आणि आपलं काही चुकतंय का हे खरंच आठवत असल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले.

रेमेदबायला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. तिने त्यांना पुन्हा एकदा सगळं समजावलं. पाणी जेमतेम आहे. केळी हातची गेली तर घर कशावर चालायचं? आज दोन हंडे दिले की उद्या चार मागतील. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, नातवाच्या डोक्यावर क्रुसाची खूण केली आणि जाताना पुन्हा तेच म्हणाले, "दुपारच्या वेळी, बाय. तेवढ्याच वेळात."

त्या दिवसापासून रेमेदबायला रहाटाचा आवाज सहन होईना. रहाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीच्या तोंडावर एक मोठं लाकडी चाक असतं. त्यावर दोराची लांब माळ, आणि माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी. रेडा दांड्याला जुंपून गोल फिरवला की चाक फिरतं; गाडगी खाली जाऊन भरतात, वर येऊन पन्हळीत ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. प्रत्येक गाडग्याच्या बुडाला ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र असतं. दुपारी रेडा सुटला, रहाट थांबला, की वर चढत असलेली भरली गाडगी त्या छिद्रांतून विहिरीतच गळू लागतात. टिप टिप, टिप टिप. माणसाची भाकरी खाऊन होईतो माळ रिती होते. विहिरीत काही कामाला उतरायचं असलं तर टिपटिप थांबल्यावर उतरायचं, असा तिथला रिवाज.

रेमेदबाय ओट्यावर भाकरी घेऊन बसे आणि तो आवाज ऐके. एवढ्या मेहनतीने वर चढवलेलं पाणी, आणि जातंय परत खाली. कोणाला विचारून जातंय? एका बाजूने भाऊ म्हणतो पाणी वाटून टाक, दुसऱ्या बाजूने गाडगी आपली आपणच वाटून टाकतायत. सगळ्या जगाने आपल्याविरुद्ध संगनमत केलंय असं तिला वाटू लागलं.

शेवटी तिने धाकू कुंभाराला बोलावलं आणि माळेला पुरतील एवढी नवी गाडगी सांगितली, बिनछिद्राची. धाकू घुटमळला. आमच्यात रहाटाचं गाडगं भोक ठेवूनच भाजतात, म्हणाला. तिने त्याला सुनावलं, मी पाणी चढवायला गाडगी मागते आहे, चाळण नाही. धाकूने मग सांगितल्याप्रमाणे घडवली. चांगली जाड, खणखणीत भाजलेली, बुडाला कुठे टाचणी जाईल एवढीही फट नाही.

रेमेदबायचा रहाट हाकायला दुमिंग नावाचा गडी होता. पन्नाशीचा, बोलायला हळू, बायकापोरं नसलेला. संध्याकाळी बाबांच्या खोपीत रोजारी म्हणायला जाणारा. बाबांवर त्याची अशी श्रद्धा होती, की बाबांनी पाणी उष्टं ठेवलं तर तेही तो वाया जाऊ देत नसे. नव्या गाडग्यांची बुडं तो दोन दिवस चाचपून बघत होता. मग रविवारी मिस्सा सुटल्यावर, देवळाच्या पायऱ्यांशी, चार माणसांदेखत मालकिणीजवळ येऊन हळूच म्हणाला, की छिद्र असतं ते उगाच नसतं. रहाट थांबला की माळेचा भार उतरायला वाट लागते. एकदा बाबांना विचारून बघावं.

बाबांचं नाव निघालं आणि रेमेदबायचा तोल गेला.

"तुमचं दोघांचं एकच आहे," ती मोठ्याने म्हणाली. "तो वरून ओततो, तू खालून गळतोस. बाबाचं गळकं गाडगं आहेस तू."

पायऱ्यांवरची माणसं हसली. नाव चिकटायला असं कितीसं लागतं? दुसऱ्या दिवसापासून दुमिंग वाटेने निघाला की कोणीतरी जिभेने टिप टिप आवाज काढी. दुमिंग हसत असे. फक्त बाबांकडे बसला असताना एकदा म्हणाला, की नाव तसं वाईट नाही, पण देवळाच्या दारात मिळायला नको होतं.

बाबा त्याच संध्याकाळी वाडीत आले. मांडून ठेवलेल्या गाडग्यांतलं एक उचललं, आभाळाकडे धरून आतून बघितलं, बुडावरून अंगठा फिरवला.

"पाणी अडवलंस, बाय," बाबा म्हणाले. "आता भार जाणार कुठे?"

"भार मी बघते," रेमेदबाय म्हणाली. "तू तुझं दार बघ."

नवी माळ चढली, आणि काय सांगावं, रहाट देखणा चालला. पन्हळ भरून वाहू लागली, पाट शेवटच्या केळीपर्यंत पोचला. दुपारी रेडा सुटल्यावर विहिरीतून एक टिपकाही ऐकू येईना. रेमेदबाय ओट्यावर बसून त्या शांततेत भाकरी खाई, आणि तिला वाटे, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी आपलं ऐकलं.

दुमिंगला मात्र ती शांतता आवडत नव्हती. थांबलेला रहाट उलटा फिरू नये म्हणून चाकाच्या दात्यांत बाभळीची खुंटी घालायची असते. इतकी वर्षं ती नुसती नावाला लागे, कारण गाडगी गळून भार आपोआप उतरायचा. आता भरली माळ अख्खी दुपार त्या एका खुंटीवर लोंबकळत राही. खुंटी करकरते, असं त्याने दोनदा सांगितलं. नवी कर, असं रेमेदबायने दोनदा सांगितलं. त्याने नवी केली, जाड केली. तीही करकरू लागली.

असे आठ-दहा दिवस गेले. मग तो बुधवार आला.

दुपार झाली होती. दुमिंगने रेडा सोडून सावलीला बांधला होता. फाटकाबाहेर हंडे वाजल्याचा आवाज आला. पाड्यातल्या बाया आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर बाबा. भांडायला नव्हे, नुसते फाटकाशी उभे राहायला. बाबांची मागण्याची हीच रीत होती, आणि रेमेदबायला ती शिव्यांपेक्षा जास्त झोंबे. शिवी दिली तर उलट देता येते. नुसतं उभं राहणाऱ्याला काय द्यायचं?

ती तणतणत विहिरीशी गेली. पाणी किती खाली गेलंय ते या बाबाला एकदा आकड्यात सांगते, असं म्हणत ती काठावरून आत वाकली. कमरेचा जुडगा सैल झाला होता की नातवाने सकाळी ओढून ओढून सैल केला होता, कोण जाणे. तो निसटला, काठावर एकदा वाजला आणि विहिरीत गेला.

फाटकाची किल्ली त्यात. कोठीची किल्ली त्यात. मुलाने धाडलेल्या पेटीची त्यात. तिने दुमिंगला हाक मारली आणि ताबडतोब खाली उतरायला सांगितलं.

"मालकीण, माळ भरलेली आहे," दुमिंग म्हणाला. "जरा दम धरा. वरची गाडगी एकेक करून सोडवतो, मग उतरतो."

गाडगी सोडवायला दुपार जाईल. तोवर फाटकाशी ती माणसं उभी राहणार, आणि आपण आपल्याच वाडीत कोंडून त्यांच्याकडे बघत बसणार. रेमेदबायने कान विहिरीकडे केला.

"एक तरी टिपका पडतोय का?" ती म्हणाली. "काही पडत नाही. उतर."

दुमिंगने तिच्याकडे बघितलं. रिवाज तर तसाच होता, टिपका थांबल्यावर उतरायचं. फक्त आता टिपके मुळातच नव्हते. त्याने क्रुसाची खूण केली, धोतर खोचलं आणि भिंतीतल्या दगडांवर पाय ठेवत तो खाली गेला. पाणी कमरेएवढं होतं. पायाने चाचपडत त्याने जुडगा शोधला, वाकून उचलला आणि वर दाखवला.

तेवढ्यात खुंटी मोडली.

आवाज लहानसाच होता, वाळकी फांदी पायाखाली यावी तसा. माळेने खाली हिसका दिला, एक गाडगं भिंतीवर आपटून फुटलं आणि त्याचं खापर दुमिंगच्या खांद्यात बसलं. चाक उलटं फिरू लागलं. चाकाबरोबर तो लांब दांडा, ज्याला रेडा जुंपतात, गरकन वळला, आणि रेमेदबायने काय केलं ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिने त्या दांड्यावर अंग टाकलं. छाती लावून, टाचा मातीत रुतवून तिने तो धरला.

दांडा थांबला. पण रेड्याचं काम एका साठीच्या बाईने किती वेळ करायचं?

तिने ओरडून दुमिंगला वर यायला सांगितलं. खालून दुमिंगचा आवाज आला, उजवा हात उचलत नाही. चढता येत नाही. आणि भरल्या गाडग्यांची अख्खी माळ त्याच्या डोक्यावर लटकत होती. चाक सुटलं असतं तर दोर तुटून ती सगळी त्याच्या अंगावर आली असती. जाड, चांगली भाजलेली, एक थेंब न सोडणारी.

घरातून नातालीन पोराला कडेवर घेऊनच धावत आली. सासूला तशी बघून ती पोराला खाली ठेवायला निघाली, तर रेमेदबाय किंचाळली, तू जवळ येऊ नकोस, दांडा सुटला तर पोराला लागेल, माणसं बोलाव. नातालीन फाटकाकडे पळाली. फाटकाला कुलूप. किल्ली विहिरीत. बाहेर बारा-तेरा धट्टीकट्टी माणसं, आणि आत एकही येऊ शकत नाही. वाडीत कोणी शिरू नये म्हणून रेमेदबायने काय कमी कष्ट घेतले होते? निवडुंग पुरुषभर उंच वाढला होता.

बायांनी कोयत्यांनी कुंपण तोडायला घेतलं. बाबा कोयत्यासाठी थांबले नाहीत. दोन हात पुढे करून ते निवडुंगात शिरले.

इकडे रेमेदबायच्या टाचा घसरत होत्या. वीतभर मागे. आणखी चार बोटं. खालून दुमिंग बोलला, नेहमीच्याच हळू आवाजात.

"मालकीण, तुम्ही सोडा. दांडा फिरला की बरगड्या मोडेल तुमच्या. घरात लेकरू आहे."

या माणसाला आपण गळकं म्हणालो. रेमेदबायच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पुसायला हात नव्हता. "गप बस," ती म्हणाली. "मी सोडणार नाही."

तेव्हा केळीच्या ओळीतून बाबा आले. सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या, कपाळावर, हातांवर काटे तसेच रुतलेले, रक्ताचे ओघळ. ते धावत नव्हते. बहिणीजवळ येऊन उभे राहिले. आता हे दांड्याला हात लावतील, असं तिला वाटलं. बाबांनी दांड्याला हात लावला नाही.

"पुष्कळ बघितलास भार, बाय," बाबा म्हणाले. "आता सोड."

रेमेदबायला आपण काय ऐकतोय ते कळेना. आयुष्यभर या माणसाने एकच शब्द म्हटला होता. गोधडी सोड, हंडा सोड, विहीर सोड. तिने सोडलं नव्हतं. आणि आज, जन्मात पहिल्यांदा ती स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्याच्या जिवासाठी काहीतरी धरून उभी होती, तर तेही सोड? तिला इतका संताप आला की त्या संतापावरच ती आणखी घटकाभर उभी राहिली.

"सोडलं तर तो मरेल, मानू," ती म्हणाली. "एवढं तरी मला धरू दे."

"तुझ्या धरण्याने तो जगत नाहीये," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता, तिने पेज भरवताना असायचा तसा. "क्रुसावर प्रभूचे हात शेवटी उघडेच होते, बाय. ज्याच्या हाती द्यायचं त्याच्या हाती दे, आणि सोड."

टाच घसरली. आता ती काही धरू शकत नव्हती आणि हे तिला ठाऊक होतं. तिने डोळे मिटले. प्रार्थना अशी काही आठवली नाही. मनातल्या मनात ती एवढंच म्हणाली, की प्रभू, मला काही कळत नाही, या बाबाचं मला कधीच काही कळलं नाही, पण खाली दुमिंग आहे, त्याला तू घे. आणि तिने छाती मागे घेऊन हात उघडले.

दांडा हलला नाही.

धरायला कोणी नाही, खुंटी नाही, समोर मोकळी जागा, आणि वर भरली माळ. तरी तो दांडा तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबला होता, झोपलेल्या बाळाला जाग येऊ नये म्हणून पाळण्यावर धरलेल्या हातासारखा. धन्य तो प्रभू, ज्याच्यावर कोणीही भार टाकावा.

आणि मग विहिरीतून आवाज आला. टिप.

मग आणखी एक. मग टिप टिप, टिप टिप, आणि बघता बघता सर आल्यासारखा. रेमेदबायने डोळे उघडले. बिनछिद्राची, खणखणीत भाजलेली ती गाडगी गळत होती. वरपासून खालपर्यंत, एकेक.

"बाबा," खालून दुमिंग म्हणाला, आणि तो हसत होता की रडत होता हे कळत नव्हतं. "वर पाऊस पडतोय का? मी पार भिजलो."

कुंपण तुटलं. बाया आत आल्या, बाहेरून दोर आला. लाडकीने दोराचं एक टोक कमरेला बांधून घेतलं, दुसऱ्या टोकाला फास करून तो दुमिंगकडे खाली सोडला, बाकीच्या तिच्यामागे दोर धरून राहिल्या आणि त्यांनी त्याला वर काढलं. खांद्यातून रक्त येत होतं, पण हाड शाबूत होतं. डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्याने कधी सोडला नव्हता, कारण मालकिणीने तो आणायला सांगितला होता.

माळ पुरती रिती झाल्यावर चाक आपोआप जरासं डुललं आणि स्थिर झालं. माणसांनी गाडगी उलटी करून पाहिली. प्रत्येकाच्या बुडाला ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र होतं, कडा गुळगुळीत, घडवतानाच ठेवल्यासारख्या. धाकू कुंभाराला बोलावलं. त्याने एकेका छिद्रात काडी घालून बघितली आणि कान धरले. आपण यातलं एकही पाडलेलं नाही, म्हणाला. आणि भाजलेल्या गाडग्याला मागाहून भोक पाडायला जावं तर गाडगं तडकतं, हे कुंभाराच्या पोरालाही ठाऊक असतं.

रेमेदबाय विहिरीच्या काठावर बसली होती. तिच्या तळहातांची साल निघाली होती, बोटं मिटत नव्हती. दुमिंगने जुडगा पुढे केला. तिने हात पुढे केला, पण त्या बोटांना काही धरता येईना. जुडगा तळहातावरून घसरला. बाजूला नातालीन उभी होती, तिच्या कडेवरच्या पोराने झेप घेतली आणि किल्ल्या आपल्या मुठीत घेतल्या. या वेळी कोणी त्याची बोटं सोडवली नाहीत.

"फाटक उघड, नातालीन," रेमेदबाय म्हणाली. "त्या बायांना पाणी भरू दे. आणि ते कुलूप पुन्हा लावू नकोस. कुंपणच नाही राहिलं, तर कुलूप काय शोभेला?"

मग ती उठली आणि बाबांकडे गेली. ते केळीखाली बसून आपल्या हातांतले काटे काढत होते आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. ती पाया पडायला वाकली. बाबा चटकन बाजूला सरले.

"माझ्यापुढे कशाला, बाय? विहिरीत मी कुठे उतरलो होतो?"

"एक सरळ गोष्ट करून देशील तर शपथ," रेमेदबाय म्हणाली. "बस तिथे. हलू नकोस. काटे मी काढते. आणि उद्या सुतार येतोय, दुसरं दार करायला. ते कोणाला द्यायचं ते मला आधी सांग, म्हणजे त्यांच्या मापाचंच करून घेते."

बाबा हसले. फाटकाकडून हंडे घेऊन बाया येत होत्या, नवी खुंटी बसवायला कोणीतरी बाभळीचा सोट शोधत होतं, आणि दुमिंग खांद्याला फडकं बांधून, कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून एका कडेला उभा होता.

रेमेदबाय त्याच्यासमोर गेली. सगळ्यांदेखत, पाड्यातल्या बायांदेखत, धाकू कुंभारादेखत, ती गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ त्याच्या चिखलाने माखलेल्या पायांवर ठेवलं. दुमिंग कावराबावरा होऊन बाबांकडे बघू लागला. बाबांनी त्याला डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

त्याच्या धोतराच्या सोग्यातून विहिरीचं पाणी अजून ठिबकत होतं. एक थेंब रेमेदबायच्या मानेवर पडला, मग दुसरा. ती तशीच वाकून राहिली.